कोरड्या बोटांपलीकडे

ओल्या बोटाला मोबाइलचा पडदा दाद देत नाही, हे काशीच्या शिंदे घाटावर कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गंगेत बुडी मारून माणूस वर येतो. पायरीवर ठेवलेल्या पिशवीत फोन वाजत असतो. तो घाईघाईने बोट पंच्याला पुसतो आणि काचेवर ओढतो. काच ढिम्म. पुन्हा ओढतो, तेव्हा फोन उचलला जाण्याऐवजी भलतेच काहीतरी उघडते. फोन बिघडलेला नसतो, त्याचा स्वभावच तसा असतो. काचेखाली पारदर्शक वाहकाची बारीक जाळी असते आणि तिच्याभोवती क्षीण विद्युतक्षेत्र असते. बोट टेकले की त्या क्षेत्रात फरक पडतो. तो जाळीच्या कोणत्या जागी पडला, यावरून फोन बोटाची जागा ताडतो. पाण्याचा थेंबही तसाच फरक पाडतो. मग बोट कुठले आणि थेंब कुठला, हे फोनला उमगत नाही. त्यात काशीचे घाट पूर्वाभिमुख. सकाळी स्नानाच्या वेळी ऊन थेट तोंडावर येते आणि पडद्यावरच्या अक्षरांऐवजी आपलाच चेहरा दिसतो.

बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या रडार संशोधन संस्थेत मांडली, ती हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी. म्हणजे तिचा पहिला वापरकर्ता बंद खोलीत, खुर्चीवर बसून, कोरड्या बोटांनी काम करणारा होता. पुढे हे तंत्र कोट्यवधी खिशांत पोहोचले, पण त्याच्या मनातला माणूस फारसा बदलला नाही.

हे पुस्तक त्या काचेच्या पुढच्या टप्प्याविषयी आहे. डोळ्यांवर चढवायचे पडदे, उन्हात वाचता येणारे पडदे, भिंतीवर किंवा तळहातावर उमटणारी चित्रे, हवेतले हातवारे ओळखणारे कॅमेरे आणि रडार, मनगटातल्या स्नायूंची हालचाल टिपणारे पट्टे. यांतले काही दुकानात मिळते, काही प्रयोगशाळेत आहे, काही गाजावाजा होऊन विझलेले आहे. मराठीत या विषयावर बातम्या पुष्कळ येतात, बहुतेक नव्या उपकरणाची किंमत आणि छायाचित्र घेऊन. उपकरण कोणत्या हातासाठी घडवले आहे, हा प्रश्न त्यांत सहसा नसतो. या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणात मी तोच विचारला आहे, आणि तो विचारण्यासाठी शिंदे घाट ही कसोटीची जागा धरली आहे.

ही जागा आपल्याला परकी नाही. कागलच्या घाटग्यांची मुलगी आणि दौलतराव शिंद्यांची पत्नी बायजाबाई यांनी १८३० मध्ये हा घाट बांधवला. दौलतराव १८२७ मध्ये गेले, त्यानंतर ग्वाल्हेरचा कारभार बायजाबाईंच्या हाती होता. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही त्यांनीच १८२८ मध्ये उभारला. शिंदे घाटाचे बांधकाम इतके भारी झाले की खालच्या मातीला ते पेलले नाही, आणि घाट खचला, असे सांगतात. शेजारचे रत्नेश्वर महादेवाचे देऊळ तर सुमारे ९ अंशांनी कललेले आहे आणि त्याचा गाभारा वर्षातला बराच काळ पाण्याखाली असतो. दक्षिणेला लागूनच मणिकर्णिका. तिथल्या चितांचा धूर वारा असेल तसा इकडे येतो. उत्तरेकडे चालत गेले की भोसले घाट आणि पुढे पंचगंगा घाटापर्यंतचा, मराठी घराण्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या असलेला भाग लागतो.

ऊन, पाणी, धूर, राख, घंटा, गर्दी, उतरत्या पायऱ्या, आणि एका नजरेत मावणार नाहीत इतके वेगवेगळे हात. एखादे नवे उपकरण इथे चालले तर ते पंढरपूरच्या वाळवंटात चालेल, लासलगावच्या कांदा बाजारात चालेल, कोकणात भर पावसात होडीवर चालेल. इथे अडले, तर ते का अडले हे समजून घेण्यासारखे असते.

थोडा मागचा इतिहास

हा इतिहास पुस्तकात सविस्तर आहे, म्हणून इथे मोजकेच. १९६८ हे वर्ष लक्षात ठेवावे. त्या वर्षी आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा पडदा करून दाखवला. तो इतका जड होता की छतापासून टांगावा लागे. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डग्लस एंगलबर्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दिले. पुढची चाळीस वर्षे माउसने राज्य केले आणि डोक्यावरचा पडदा मागे पडला. सत्तरच्या दशकात मायरन क्रूगर यांनी ‘व्हिडिओप्लेस’ उभारले. त्यात माणसाची सावलीसारखी आकृती पडद्यावर येई आणि त्या आकृतीच्या हातांनी चित्रांशी खेळता येई. हातात काही धरायचे नाही, अंगावर काही चढवायचे नाही, हा विचार त्यांनी तेव्हाच मांडून ठेवला होता.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९८० चा प्रयोग. एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मनगटाला संवेदक बांधला आणि समोर भिंतीएवढा पडदा ठेवला. माणूस बोट दाखवून म्हणे, ‘ते तिथे ठेव’, आणि पडद्यावरची वस्तू हले. ‘ते’ म्हणजे काय आणि ‘तिथे’ म्हणजे कुठे, हे बोटावरून कळे, आणि काय करायचे हे शब्दांवरून. आपण घरात दिवसभर असेच बोलतो. नुसता हात किंवा नुसता आवाज क्वचितच पुरेसा असतो. पुढे कंपन्यांनी आवाजाचे एक खाते केले आणि हाताचे दुसरे, आणि या जोडकामाकडे बरीच वर्षे दुर्लक्ष झाले.

पडद्यांविषयी

आधी उन्हाचा प्रश्न घेऊ. पडद्याची उजळता ‘नीट’ या एककात मोजतात. आजचे महागडे फोन उन्हात दोन-तीन हजार नीटपर्यंत जातात आणि जाहिरातीत तो आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. पण भर दुपारच्या उन्हात ठेवलेला साधा पांढरा कागद सुमारे ३० हजार नीट एवढा उजळ असतो. म्हणून छत्रीखालून उठून घाटिया, म्हणजे घाटावरचा पुरोहित, पंचांग उन्हात धरतो तेव्हा त्याला तिथी स्वच्छ वाचता येते, आणि त्याच उन्हात यजमानाला फोनवर तीच तिथी दिसत नाही. फोन स्वतःच्या प्रकाशाने सूर्याशी झुंजतो. कागद सूर्याचाच प्रकाश परत देतो.

इलेक्ट्रॉनिक कागद या दुसऱ्या वाटेने जातो. एमआयटीतल्या संशोधनातून १९९७ मध्ये ‘ई इंक’ ही कंपनी निघाली. तिच्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत काळे व पांढरे भारित कण. विजेचा भार दिला की हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटलेले अक्षर टिकवायला वीज लागत नाही. रंग आणि वेग या दोन बाबतींत हा पडदा अजून लंगडा आहे, म्हणून त्याची चर्चा कमी होते. माझे मत असे की आपल्या हवेत, आपल्या उन्हात, विजेच्या आपल्या भरवशावर, एसटी स्थानकाच्या वेळापत्रकापासून शेतातल्या हवामान फलकापर्यंत सर्वाधिक उपयोगाचा पडदा हाच आहे. पुस्तकात त्याला जास्त पाने दिली आहेत ती यामुळेच.

डोळ्यांवरच्या पडद्यांचे दोन पंथ आहेत. एक बाहेरचे जग पूर्ण झाकून कॅमेऱ्यातून ते पुन्हा आत दाखवतो. अ‍ॅपलचा ‘व्हिजन प्रो’ फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत आला तो या पंथाचा: किंमत ३,४९९ डॉलर, वजन ६०० ग्रॅमच्या वर, बॅटरी वेगळी खिशात ठेवायची, आणि दोन छोट्या पडद्यांत मिळून सुमारे २ कोटी ३० लाख चित्रबिंदू. दुसरा पंथ साध्या चष्म्याच्या काचेतच चित्र सोडतो. मेटाने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेल्या ७९९ डॉलरच्या चष्म्यात फक्त उजव्या डोळ्यापुढे लहानसा पडदा आहे, उजळता ५,००० नीटपर्यंत, वजन ६९ ग्रॅम. शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर पहिल्या प्रकारचे यंत्र घालून कोणी उतरू नये. शेवाळलेली पायरी कॅमेऱ्यातून पाहणे आणि डोळ्यांनी पाहणे यांत फरक आहे. दुसऱ्याला निदान घाटावर उतरता येईल. कागदाइतका उजळ तो नाही, पण माणसाचे पाय कुठे पडताहेत हे त्याला दिसू देतो.

आपल्याकडे या तंत्राची पहिली ओळख झाली ती मात्र डोळे दिपवणारी दालने म्हणून. शिंदे घाटापासून दशाश्वमेधाकडे चालत गेले की मानमंदिर घाट लागतो. तिथल्या मानमहालात राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेने उभारलेले आभासी अनुभव संग्रहालय फेब्रुवारी २०१९ मध्ये खुले झाले. पुण्याजवळ आंबेगावच्या शिवसृष्टीचा सरकारवाडा २०२३ मध्ये खुला झाला, तिथेही प्रकाशचित्रे आणि आभासी दृश्ये आहेत. लोक, विशेषतः मुले, तिथून भारावून बाहेर येतात. त्याचे मोल मी कमी मानत नाही. पण अशा ठिकाणी बहुतेक वेळ डोळ्यांना काम असते आणि हात मोकळे राहतात.

मानमहालाच्याच गच्चीवर याच्या उलट उदाहरण आहे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात तिथे वेधशाळा उभारली. जयसिंहाचे गुरू जगन्नाथ सम्राट महाराष्ट्रीय. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीतून संस्कृतात ‘रेखागणित’ म्हणून आणली. पुढे एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून आलेले आणि काशीच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवणारे बापूदेवशास्त्री यांनी या यंत्रांचे वर्णन लिहिले. सम्राटयंत्रात सूर्याची सावली अंशांच्या खुणांवरून सरकते आणि पाहणारा ती वाचतो. सूर्य जितका प्रखर, तितके वाचन स्वच्छ. तिथे नुसते बघून भागत नाही. जागा धरावी लागते, वाकून पाहावे लागते, बोटाने खूण गाठावी लागते. बाहेरच्या उजेडात काम करणारा पडदा कसा असावा, याचा नमुना त्याच इमारतीच्या माथ्यावर उभा आहे.

हवेतल्या हातवाऱ्यांविषयी

नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचे ‘किनेक्ट’ आले आणि पहिल्या ६० दिवसांत ८० लाख नग विकले गेले. यंत्रासमोर उभे राहायचे, हात हलवायचा, खेळ सुरू. ते अवरक्त ठिपक्यांची नक्षी खोलीभर फेकून, कॅमेऱ्याने ती वाचून अंतर मोजत असे. २०१७ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. खेळांची नवलाई ओसरली हे एक कारण, पण अभ्यासकाला आवडेल अशी अडचण वेगळीच होती. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण इतके असतात की यंत्राने फेकलेले ठिपके त्यात बुडून जातात. बैठकीच्या खोलीत चालणारे हे यंत्र घाटावर आंधळे झाले असते.

गूगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘पिक्सेल ४’ या फोनात चक्क छोटे रडार बसवले. बोटे चोळली, हात फिरवला, तर ते ओळखत असे, आणि रडारला ऊन-अंधार सारखाच. पण हे रडार ६० गिगाहर्ट्‌झच्या लहरींवर चाले आणि त्या लहरी भारतात तेव्हा अशा वापरासाठी खुल्या नव्हत्या, म्हणून तो फोन आपल्याकडे विकायलाच आला नाही. तंत्र पोहोचायला विज्ञानाइतकीच सरकारी परवानगीही लागते, हे नव्या अभियंत्यांनी सुरुवातीलाच समजून घ्यावे.

हवेतल्या हातवाऱ्यांचे दोन दोष सगळ्या जगाने अनुभवले. पहिला थकव्याचा. हात उंच धरून पाच मिनिटे काम केले की खांदे भरून येतात. चित्रपटात नायक हवेत पडदे सरकवताना छान दिसतो, पण कारकुनाला दिवसभर ते करायला लावणे अन्याय आहे. दुसरा दोष जास्त खोल आहे. यंत्र सतत पाहत असेल, तर कोणता हातवारा त्याच्यासाठी आहे आणि कोणता नाही, हे त्याला कसे कळावे? प्रयोगशाळेत एकटा माणूस यंत्रासमोर उभा असतो, तेव्हा त्याचा प्रत्येक हातवारा यंत्रासाठीच असतो. शिंदे घाटावर एका क्षणात कोणी सूर्याला अर्घ्य देतो, कोणी आचमन करतो, कोणी नमस्कार करतो, कोणी मागे लागलेल्या फुलवाल्याला हात हलवून नको म्हणतो, नावाडी दुसऱ्या नावेला बोटांनी किती माणसे घेतली ते सांगतो. अंगठा उभा करणे आज फोनवर पसंतीची खूण झाले आहे, पण तोच अंगठा नाचवून दाखवला की आपल्याकडे कोणाचाही पारा चढतो. डाव्या हाताने प्रसाद न घेणाऱ्याला डाव्या हाताचा हातवारा सांगणाऱ्या यंत्राने आधी विचार केलेला बरा.

हात ही कोरी पाटी नाही, तो आधीच बोलत असतो. या पुस्तकात मला सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच. ज्याला हाताशी बोलणारे यंत्र घडवायचे आहे, त्याने आधी इथले हात काय बोलतात ते ऐकावे.

बोटांची पेरे

घाटावर जप करणाऱ्या माणसाचा उजवा हात जवळून पाहावा. माळ नसली तर तो पेरांवर मोजतो. अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर टेकतो, तिच्या मुळाशी उतरतो, करंगळीच्या मुळाशी जातो, तिच्या मधल्या पेरावर, टोकाच्या पेरावर चढतो. मग अनामिकेचे टोक, मधल्या बोटाचे टोक, तर्जनीचे टोक, आणि तर्जनीवरून मधले पेर करत मुळाशी. दहा झाले. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरे मेरू, ती ओलांडायची नाहीत. दशकांची मोजणी डाव्या हातावर ठेवायची. हे सगळे मांडीवर हात ठेवून, वस्त्राखाली झाकून, डोळे मिटून चालते. खांदा दुखत नाही, चुकून भलतीकडे बोट जात नाही, आणि मोजणी कुठवर आली ते शेजाऱ्याला दिसत नाही. पेर ओले असो, तेल लागलेले असो, अंगठ्याला ते बरोबर सापडते, कारण स्पर्श दोन्हीकडून कळतो. टेकणाऱ्या अंगठ्यालाही आणि टेकल्या गेलेल्या पेरालाही.

संगणकाशी संवादाचे अभ्यासक अलीकडे नेमके याच दिशेने वळले आहेत. अंगठ्याने इतर बोटांच्या पेरांवर टेकून आज्ञा देण्याच्या पद्धतींवर बरेच संशोधन झाले आहे, आणि कारणे वर सांगितलेलीच आहेत: न बघता करता येते, हात खाली ठेवता येतो, कोणाला दिसत नाही. ‘व्हिजन प्रो’त डोळ्यांनी वस्तू निवडायची आणि मांडीवर ठेवलेल्या हाताची दोन बोटे जुळवून होकार द्यायचा. मेटाच्या चष्म्यासोबत मनगटाचा पट्टा येतो. बोट हलवताना स्नायूंत उठणारे विजेचे क्षीण तरंग तो टिपतो, म्हणून हात खिशात असला तरी चालते. कॅमेरा नको, ऊन आड येत नाही. या पट्ट्याकडे पाहताना मला वाटते की दहा पेरांची, ठरलेल्या क्रमाची, शतकानुशतके हातात मुरलेली ही मोजणी एखाद्या मराठी विद्यार्थ्याने अभ्यासायला घ्यावी. तिचा क्रम असा वळणावळणाने का जातो, शेजारच्या पेरावरच पाऊल का पडते, चूक कुठे होते, हे मोजून पाहण्यासारखे आहे. श्रद्धेचा प्रश्न त्यात येत नाही. हाताच्या रचनेचा आहे, आणि उत्तर सापडले तर जगाच्या उपयोगी पडेल.

मुंबईतले दोन धागे

पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातून, म्हणजे आयडीसीतून, या विषयाचे दोन धागे निघतात. पहिला जगभर गाजला. तिथे शिकलेले प्रणव मिस्त्री पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेले आणि २००९ मध्ये त्यांनी ‘सिक्स्थ सेन्स’ दाखवले. गळ्यात लहान प्रक्षेपक आणि कॅमेरा, बोटांना रंगीत टोप्या. तळहातावर फोनचा कळफलक उमटे, दोन्ही हातांची चौकट केली की फोटो निघे. साहित्याचा खर्च सुमारे ३५० डॉलर. त्याआधी हातवाऱ्यांचा पहिला प्रयोग त्यांनी चार माउस उघडून, त्यांतले रूळ काढून केला होता, असे त्यांनी मैसूरमधल्या एका भाषणात सांगितले. हे उपकरण बाजारात आले नाही, पण एका भारतीय विद्यार्थ्याने सुट्या भागांतून हे केले, याचा आपल्या महाविद्यालयांवर झालेला परिणाम मोठा होता. कितीतरी मुलांनी बोटांना रंगीत टेप गुंडाळून पाहिली.

दुसरा धागा शांत आहे आणि मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयडीसीत घडवलेला ‘स्वरचक्र’ हा मोबाइलचा कळफलक २०१३ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यात व्यंजनावर बोट टेकले की त्याभोवती त्या व्यंजनाची बाराखडी चक्रासारखी उमलते. ‘घ’ दाबा, त्याभोवती घा, घि, घी, घु दिसतील. बोट न उचलता ‘घा’कडे सरकवा आणि सोडा, मग ‘ट’ला नुसते टिचकवा: ‘घाट’ लिहून झाले. काही दिवसांच्या सवयीने बोट चक्राकडे न बघताच योग्य दिशेला सरकते. चक्राकार यादीची कल्पना संगणकाच्या जगात बरीच आधीपासून होती. पण तिला बाराखडी जोडली की ती आपली होते, कारण बाराखडी आपण शाळेत ताल धरून म्हटलेली असते. इंग्रजीच्या कळफलकावर मराठीचे ओझे लादण्याऐवजी लिपीच्या घडणीतून हातवारा शोधला, म्हणून तो सापडला. पुढच्या यंत्रांसाठी माझ्यापुढे आदर्श आहे तो हा.

ज्यांची भाषाच हातांची आहे

या पुस्तकातले सर्वांत लांब प्रकरण खुणांच्या भाषेविषयी आहे आणि मी ते मुद्दाम पुढे घेतले आहे. तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत कर्णबधिरांचा उल्लेख शेवटी, उपकारासारखा येतो. वास्तविक हातवाऱ्यांचे खरे तज्ज्ञ तेच आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक होती. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. प्रश्नाची खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते, भुवया आणि ओठ अर्थ बदलतात, समोरच्या हवेत एका जागी माणूस ‘ठेवला’ की पुढे त्या जागेकडे बोट केले तरी तोच माणूस समजायचा. बोटांनी अक्षरे दाखवायची ती बहुतांशी दोन्ही हातांनी. दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूर इथल्या खुणांचा अभ्यास मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात सुरू केला, तेव्हा शब्दांत फरक असूनही व्याकरण एक आहे असे दिसले. दिल्लीचे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या कोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे.

असे असताना दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुले ‘मुक्यांना बोलते करणारा’ हातमोजा करतात, स्पर्धेत बक्षीस मिळते आणि वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. मुलांची तळमळ खरी असते. पण हातमोज्याला चेहरा दिसत नाही. भुवया दिसत नाहीत, समोरच्या हवेतल्या जागा दिसत नाहीत, आणि एका हाताचा मोजा दोन हातांची अक्षरे वाचू शकत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांच्या अशाच मोज्यांना मोठे पारितोषिक मिळाले, तेव्हा कर्णबधिर समाजातून आणि भाषाशास्त्रज्ञांकडून तीव्र हरकत आली. खुणांची भाषा जाणणाऱ्यांना विचारल्याशिवाय हे केले गेले, आणि सगळी मेहनत ऐकणाऱ्यांच्या सोयीसाठी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पूर्ण पटते. मोजा कर्णबधिराने चढवायचा आणि सोय ऐकणाऱ्याची व्हायची, ही वाटणी न्यायाची नाही. बँकेतल्या कारकुनाला, एसटीच्या वाहकाला, दवाखान्यातल्या परिचारिकेला दोनशे खुणा शिकवणारा पडदा करा, तो सर्वांच्या उपयोगाचा होईल.

हात न चालण्याचाही एक अनुभव आपल्याकडे मोठ्या प्रमाणात आहे. रेशन दुकानात यंत्रावर बोट ठेवल्यावर ‘अंगठा लागत नाही’ असे ऐकून परत जाणारे लोक बघा: विटा उचलून, माती कालवून, भांडी घासून रेषा झिजलेले, किंवा वयाने पुसट झालेले. नावाड्याचे वल्ह्याने घट्टे पडलेले हातही याच रांगेतले. पुढे मनगटाचा पट्टा घरोघरी आला, तर म्हातारपणी थरथरणाऱ्या हातांचे तरंग तो ओळखेल का, हे आजच विचारून ठेवले पाहिजे.

पाहणारे यंत्र

एका गोष्टीची चिंता मी लपवत नाही. हात ओळखण्यासाठी यंत्राला सतत पाहावे लागते, आणि चष्म्यातला कॅमेरा समोरच्याला सहज दिसत नाही. शिंदे घाटाला लागून मणिकर्णिका आहे. तिथे चितेचे फोटो काढू नयेत, असे येणाऱ्याला सांगितले जाते. आजवर ते सांगणे शक्य होते, कारण फोन वर उचललेला दिसतो. चष्म्याच्या दांडीला बोट लावून फोटो निघत असेल, तर दुःखात असलेल्या कुटुंबाने कोणाला आणि कसे अडवायचे? चष्म्यावर बारीक दिवा लागतो, असे कंपन्या सांगतात. भर उन्हात तो दिवा कोणाला दिसणार? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आपल्याकडे आहे, पण घाटाच्या पायरीवरच्या या प्रसंगात त्याचा हात कितपत पोहोचेल याची मला शंका आहे. अशा जागी यंत्राने स्वतःहून डोळे मिटावेत, ही मागणी वापरणाऱ्यांनी आणि बनवणाऱ्यांनी दोघांनीही करावी.

पुस्तकाची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. गणित नको असलेल्यांनी रडार आणि स्नायुतरंगांच्या प्रकरणांतली समीकरणे सोडून पुढे जावे, अर्थ अडणार नाही. शिक्षकांनी सांकेतिक भाषेचे प्रकरण वर्गात वाचून दाखवावे. आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांना एक विनंती आहे: प्रकल्प निवडण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या कर्णबधिर शाळेत एक आठवडा जाऊन बसा, तिथल्या मुलांशी खुणांनी बोलायला शिका. मग यंत्र करा, ते त्यांच्यासोबत करा, आणि प्रदर्शनाच्या दालनात मांडण्याआधी ते भर उन्हात, ओल्या हातांनी वापरून पाहा.